ड्रॉपचा घोळ: बॉल उचलण्याआधी काय काय तपासायचं

गोल्फमध्ये बॉल रस्त्यावर, पाण्यात किंवा अशाच अडचणीत गेला की तो नियमाने ठरलेल्या जागी हातातून खाली सोडून तिथून खेळायचा, हा ड्रॉप. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे आपला रोग हाच का ते कळेल.

ड्रॉप केलेला बॉल उतारावरून गडगडतो, तुम्ही तिसऱ्यांदा, चौथ्यांदा ड्रॉप करता आणि मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा असतो. ड्रॉप झाला, स्टान्स घेतला (मारायला पाय रोवून उभे राहिलात), तर एक पाय परत सिमेंटच्या रस्त्यावरच. ड्रॉपची जागा मोजताना एक जण म्हणतो एक क्लब (बॉल मारायची काठी), दुसरा म्हणतो दोन. बॉल बुटाला लागला, आता दंड की नाही यावर चर्चासत्र. नाल्यात गेलेला बॉल नेमका कुठून आत शिरला यावर चौघांची पाच मतं. आणि सगळ्यात वाईट लक्षण: खेळताना कुणी चकार शब्द काढला नाही, पण नंतर चहा पिताना कुणाला तरी आठवलं आणि स्कोअरकार्डावर दंडाचे दोन स्ट्रोक (फटके) चढले.

हे शेवटचं लक्षण माझ्या टेबलावर येतं. मेडल राउंडनंतर (एकूण स्ट्रोक मोजायची स्पर्धा) कार्डं तपासायला मी बसतो. बेळगावात गोल्फ खेळणारे तसे मोजकेच: कॅम्पातले आजी-माजी फौजी, काही डॉक्टर, उद्यमबागेतले फाउंड्रीवाले, रविवारी खानापूर-निपाणीकडून गाडी काढून येणारे चार जण. माणसं बदलतात, भांडण तेच राहतं. आणि तेच भांडण परत परत सोडवल्यावर माझं मत पक्कं झालंय की ड्रॉप हातामुळे बिघडत नाही, घाईमुळे बिघडतो. बॉल जमिनीवर आहे तोवर सगळे पर्याय तुमच्याकडे असतात. तो खिशात गेला की त्यातले निम्मे बंद होतात. म्हणून खालच्या बहुतेक तपासण्या बॉल उचलायच्या आधीच्या आहेत. सोप्या आणि फुकटच्या वर, डोकं खाणाऱ्या खाली.

ड्रॉप करायचाय की ठेवायचाय?

ही तपासणी दोन सेकंदांची. ग्रीनवर (होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) ड्रॉप नाही, तिथे बॉल हाताने ठेवतात. ओळखण्यासाठी उचललेला बॉल होता तिथेच परत ठेवतात. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ज्याची पाटी लागते ते 'प्रिफर्ड लाइज': तिथेही ठेवायचा असतो, एकदाच, ठरवून दिलेल्या अंतरात. पावसाळ्यात फेअरवेवर (ग्रीनकडे जाणारी कापलेल्या गवताची पट्टी) सवयीने ड्रॉप करणारे खूप दिसतात. बॉल चांगल्या गवतावर ठेवायची मुभा आहे, आणि हे आपणहून तो सोडून देतात.

उलटी चूक जास्त महागात जाते. जिथे ड्रॉप करायचा तिथे बॉल ठेवून मारला, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण स्ट्रोक मोजायचे) दोन स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये (समोरच्याकडून एकेक होल जिंकायचं) होल गेला. यापुढे मी 'दोन स्ट्रोक' म्हणेन तिथे मॅच प्लेवाल्यांनी 'होल गेला' असं वाचावं.

गुडघा

२०१९ पासून बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. ताठ उभं राहिल्यावर तुमचा गुडघा जिथे येतो ती उंची. तुम्ही वाकलात, बसलात तरी मोजायची तीच. त्याआधी, १९८४ पासून २०१८ पर्यंत, हात खांद्याच्या उंचीला ताठ धरून सोडायचा नियम होता, आणि जुन्या खेळाडूंचे हात अजून आपोआप वर जातात. मग शेजारून आवाज येतो, "अरे काय करूलालास? गुडघ्यातनं सोड की!" हा आवाज मित्राचा समजा. बॉल मारण्याआधी चूक लक्षात आली तर काहीही दंड नाही. उचला आणि नीट ड्रॉप करा. चुकीच्या पद्धतीचे ड्रॉप मोजलेच जात नाहीत, कितीही झाले तरी. पण तसाच मारलात तर एक स्ट्रोक, आणि बॉल रिलीफ एरियाच्या (रिलीफ म्हणजे अडचणीतून सुटका, आणि एरिया म्हणजे त्यासाठी मोजून मिळालेली जागा) बाहेरून मारलात तर दोन.

फेब्रुवारी २०१९ मध्ये, नवा नियम लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा डब्ल्यूजीसी-मेक्सिको चॅम्पियनशिप या व्यावसायिक स्पर्धेत नामवंत गोल्फर रिकी फाउलरने खांद्यावरून ड्रॉप करून बॉल मारला आणि एक स्ट्रोक खाल्ला. त्याच्यासारख्याचा हात सवयीने वर जातो, तर आपल्या मेजरसाहेबांना का हसायचं?

उंची कमी का केली हे कळलं की नियम डोक्यात राहतो. ज्या जागेत बॉल थांबायला हवा ती जागा लहान आहे. खांद्यावरून पडलेला बॉल उसळून बाहेर जायचा आणि सारखा परत ड्रॉप करावा लागायचा. अगदी जमिनीलगत सोडू दिला तर तो ठेवल्यासारखाच झाला. गुडघा हा मधला तोडगा: नशिबाला थोडी जागा आणि वेळेची बचत.

याच तपासणीत आणखी तीन बारीक गोष्टी येतात. बॉल सरळ खाली सोडायचा. फिरकी द्यायची नाही, फेकायचा नाही. जमिनीला लागण्याआधी तो तुमच्या अंगाला किंवा सामानाला लागता कामा नये. लागला तर परत ड्रॉप. जमिनीला लागून *मग* बुटाला लागला आणि रिलीफ एरियात थांबला, तर तो तिथूनच खेळायचा, दंड नाही. बुटावरचं चर्चासत्र एवढ्यावर संपायला हवं.

आणि ड्रॉप फक्त खेळाडूनेच करायचा. आमच्याकडे कॅडी (बॅग उचलणारी) पोरं चलाख, साहेबांचं वाकणं वाचवायला स्वतःच बॉल सोडून मोकळी होतात. त्यात पोरांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कॅडीने सोडलेला बॉल मारलात तर तो चुकीच्या पद्धतीचा ड्रॉप, म्हणजे एक स्ट्रोक. कंबर दुखत असेल तर बसून सोडा, पण स्वतः सोडा.

बॉल कोणता, हा प्रश्न बाकी मिटला. ड्रॉप करून रिलीफ घेताना तोच बॉल वापरा किंवा खिशातला दुसरा, दोन्ही चालतं. चिखलाने माखलेला असेल तर पुसताही येतो.

कोणत्या काठीने मोजलं?

क्लब-लेंग्थ म्हणजे तुमच्या बॅगेतल्या सगळ्यात लांब क्लबची लांबी, पटर (ग्रीनवर बॉल ढकलायचा क्लब) सोडून. बहुतेकांच्या बाबतीत तो ड्रायव्हर. हातात आखूड वेज आहे म्हणून वेजने मोजलं तर तुम्ही स्वतःचीच जागा कमी करता. शेजाऱ्याचा लांब ड्रायव्हर मागून मोजलं तर जागा वाढत नाही. माप तुमच्याच बॅगेचं. लांब पटरवाल्यांनी पटर काढूच नये. मोजताना टोकावरचं कव्हरही काढा, ते लांबीत धरत नाहीत.

मोजून दोन्ही टोकांना टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) खोचा. नियम तसं सांगत नाही, मी सांगतो. बॉल आत थांबला की बाहेर, हा वाद टी खोचली असेल तर सुरूच होत नाही.

एक की दोन?

फुकटच्या रिलीफला एक क्लब: रस्ता, साचलेलं पाणी, दुरुस्तीची जागा, जनावराचं बीळ, रुतलेला बॉल. बाजूला सरकून घेतलेल्या, एक स्ट्रोक मोजून मिळणाऱ्या रिलीफला दोन क्लब: लाल खुंट्यांचा पेनल्टी एरिया (नाला, तळं अशी खुंट्यांनी आखलेली जागा) किंवा खेळता न येणारा बॉल. अपवाद एवढाच की मागच्या जागेवर परत जाऊन ड्रॉप करताना किंवा होलपासून निघणाऱ्या रेषेवर मागे जाताना स्ट्रोक मोजूनही एकच क्लब. एवढं पाठ केलंत तर अर्धी भांडणं संपली.

कोणत्याही रिलीफला 'होलच्या जवळ नाही' ही अट कायम.

खरा रोग: कुठून मोजायचं?

इथे थोडं थांबा, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुधा इथे असतं. लोक बॉल जिथे होता तिथून क्लब मांडतात. रस्त्यावरून फुकट रिलीफ घेताना ते चूक आहे. आधी सगळ्यात जवळची अशी जागा शोधायची जिथे रस्ता तुमच्या बॉलला, स्टान्सला आणि स्विंगला, कशालाच अडत नाही. तो रेफरन्स पॉइंट. एक क्लब तिथून मोजायचा.

समजा, अडीच मीटर रुंद सिमेंटचा रस्ता, बॉल बरोबर मध्ये, तुम्ही उजव्या हाताने खेळता आणि होल समोर आहे. खेळताना तुमचे पाय बॉलच्या डाव्या बाजूला असतात. म्हणजे रस्त्याच्या डाव्या कडेला बॉल जेमतेम सिमेंटबाहेर आला की काम झालं, पाय त्याहून डावीकडे, गवतावर. उजव्या बाजूला मात्र बॉल सिमेंटबाहेर येऊन पुरत नाही. तुमचे पायसुद्धा रस्त्याबाहेर यायला हवेत, म्हणजे बॉल आणखी हातभर उजवीकडे. त्यामुळे बॉल मध्ये असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूला डावी बाजूच जवळची ठरते. बॉल उजव्या कडेकडे बराच सरकलेला असेल तरच उजवी. डावखुऱ्याने हे सगळं उलटं करावं.

आता गंमत अशी की डावीकडे घाणेरीचं झुडूप आहे आणि उजवीकडे छान कापलेलं गवत. माणूस उजवीकडेच बघणार. पण नियम *जवळची* जागा देतो, *चांगली* जागा देत नाही. जवळची जागा झुडपात असेल तर झुडपातच. हे पटत नसेल तर दुसरा पर्याय आहेच, बॉल सिमेंटवरूनच मारा.

म्हणून म्हणतो, बॉल उचलू नका. आधी क्लब घेऊन, जो तुम्ही तिथून मारला असता तोच, खोटा स्टान्स घ्या, जागा बघा, टी खोचा, मग ठरवा. बॉल उचलल्यावर झुडूप दिसलं आणि तुम्ही 'राहू दे' म्हणून बॉल परत सिमेंटवर ठेवला, तर एक स्ट्रोक लागतो. रिलीफ घेणार म्हणून उचलायचा हक्क होता. रिलीफ घेतलाच नाही तर हक्कही गेला.

ड्रॉप झाल्यावर पाय परत रस्त्यावर येतोय, हे लक्षण याच तपासणीतलं. रिलीफ पूर्ण मिळायला हवा ही अट आहे, त्यामुळे बॉल जिथे थांबल्यावर त्याच रस्त्याचा अडथळा उरतो ती जागा रिलीफ एरियात धरतच नाहीत. परत ड्रॉप करा. 'एक पाय थोडा रस्त्यावर आहे, चालतंय घ्या' असं म्हणून मारणारे आमच्याकडे बरेच. चालत नाही. तो चुकीच्या जागेवरून मारलेला बॉल, दोन स्ट्रोक.

रुतलेल्या बॉलचा रेफरन्स पॉइंट सोपा: बॉलच्या बरोबर मागची जागा. आपल्या तांबड्या मातीत जुलैमध्ये बॉल नुसता अदृश्य होतो. पण तो *स्वतःच्या* पडण्याने झालेल्या खड्ड्यात आणि थोडा तरी जमिनीच्या पातळीखाली हवा. कुणाच्या तरी बुटाने दाबला गेला किंवा उसळून दुसऱ्याच खड्ड्यात जाऊन बसला, तर तो या नियमात रुतलेला नव्हे. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) आणि पेनल्टी एरियातही हा रिलीफ नाही.

बॉल गडगडतो

पद्धत पक्की आहे. नीट ड्रॉप केला, बाहेर गेला: दुसऱ्यांदा ड्रॉप. दुसऱ्यांदाही बाहेर गेला: आता ठेवायचा, *दुसऱ्या* ड्रॉपला बॉल जमिनीला जिथे प्रथम लागला त्या जागी. पहिल्या ड्रॉपची जागा नव्हे, आणि तिसरा ड्रॉप मुळीच नाही. म्हणून दुसरा ड्रॉप करताना डोळे बॉलच्या मागे धावू देऊ नका, पडला त्या जागेवर ठेवा. कॅडीला तेवढंच काम सांगा. ठेवलेला बॉलही हलला तर त्याच जागी परत एकदा ठेवा. तरीही थांबत नसेल तर जिथे थांबेल अशी सगळ्यात जवळची जागा, होलच्या जवळ नसलेली.

गडगडणारा बॉल पायाने अडवणं ही फार वाईट सवय. तो रिलीफ एरियात थांबण्याची शक्यता असताना तुम्ही किंवा तुमच्या कॅडीने मुद्दाम अडवला तर दोन स्ट्रोक. थेट नाल्याकडे सुटला आहे, आत थांबण्याची काही आशाच नाही, तेव्हा अडवला तर दंड नाही. मात्र ही सवलत वापरण्याआधी स्वतःशी प्रामाणिक राहा.

पावसाळी भाग

चोर्ल्याकडून ढग आले की आपल्याकडे दोन दिवसांत अर्धं मैदान तळं होतं. मग प्रत्येक ओल्या जागेवर रिलीफ मागणं सुरू. साचलेलं पाणी म्हणजे डोळ्यांना दिसणारं पाणी, स्टान्स घेण्याआधी किंवा घेतल्यावर. पाय मुद्दाम दाबून, चिखलातून पिळून काढलेलं पाणी धरत नाहीत. जमीन नुसती ओली, मऊ, चिखलाची आहे एवढ्यावर काही मिळत नाही. दवही नाही.

पाण्याने भरलेल्या बंकरमध्ये फुकट रिलीफ आहे, पण बंकरमध्येच. पूर्ण कोरडी जागा नसेल तर जिथे पाणी सगळ्यात कमी अडतं तिथे. बाहेर यायचं तर एक स्ट्रोक मोजून, होलपासून बॉलवरून जाणाऱ्या रेषेवर मागे.

बिळांचं म्हणाल तर उंदीर-घुशीच्या बिळाला फुकट रिलीफ आहे. वारुळाला नाही, कारण किड्यामुंग्यांनी केलेली भोकं नियमात वेगळी काढली आहेत. स्थानिक नियम असला तर गोष्ट निराळी. आणि वारुळातून नागोबा डोकं काढून बसला असेल तर मात्र फुकट रिलीफ आहे, अगदी पेनल्टी एरियातसुद्धा, कारण जीवाला धोका असणाऱ्या प्राण्यांचा नियम स्वतंत्र आहे. मधमाश्यांचंही तेच. निवडुंगाचे काटे कितीही टोचले तरी ते त्यात बसत नाहीत.

लाल खुंटी, पिवळी खुंटी

आता अवघड भाग. बॉल पेनल्टी एरियात गेला हे आधी पक्कं हवं: पाहिलेलं, किंवा निदान ९५ टक्के खात्री. 'दिसत नाही म्हणजे नाल्यातच गेला असणार' एवढं पुरत नाही. बाजूला उंच गवत असेल तर तिथेही हरवू शकतो, आणि हरवलेल्या बॉलला मागे जाऊन परत मारण्यावाचून गत्यंतर नाही.

खात्री असेल तर एक स्ट्रोक मोजून, पिवळ्या खुंट्यांना दोन वाटा: मागच्या जागेवरून परत मारा, किंवा होलपासून, बॉल आत शिरला त्या बिंदूवरून मागे जाणाऱ्या रेषेवर हवं तितकं मागे जा. लाल खुंट्यांना याशिवाय तिसरी: बॉल शेवटचा कडेवरून आत गेला त्या बिंदूपासून दोन क्लब बाजूला, होलच्या जवळ नाही. बॉल तसाच आतून मारायचीही मुभा आहेच, पण तिथे रस्त्याचा किंवा साचलेल्या पाण्याचा फुकट रिलीफ मागू नका.

लक्षात ठेवा, बिंदू बॉल *पडला* तो नव्हे, *कड ओलांडली* तो. आमच्याकडे नाला तिरका गेलेल्या होलवर याच फरकाने लोक कधी कधी तीस-चाळीस यार्ड पुढे येऊन ड्रॉप करतात. बॉल हवेत नाल्यावरून बराच पुढे गेला, मग आत पडला, तरी कड कुठे ओलांडली तेच बघायचं. अंदाज करावा लागतो आणि नियमाला ते मान्य आहे. तुम्ही त्या परिस्थितीत शक्य तितका प्रामाणिक अंदाज केला असेल, तर नंतर कुणी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला तरी तो अंदाज टिकतो. म्हणून ड्रॉपच्या आधी सोबतच्यांना विचारा, नंतर नको.

रेषेवर मागे जाण्याचा नियम २०२३ मध्ये सुटसुटीत झाला. बॉल रेषेवरच पडायला हवा. तो जमिनीला जिथे लागला तिथून कोणत्याही दिशेला एक क्लब हा रिलीफ एरिया. म्हणजे थोडा पुढे गडगडला तरी चालतो, मूळ बिंदूपेक्षा होलच्या जवळ नाही गेला म्हणजे झालं. मागे किती जायचं याला मर्यादा नाही. २०१७ च्या ओपन स्पर्धेत रॉयल बर्कडेल मैदानावर तेराव्या होलवर जॉर्डन स्पीथचा बॉल वाळूच्या टेकाडावर खेळता न येण्यासारखा अडकला, तेव्हा तो रेषेवर मागे जात जात थेट सरावाच्या मैदानावर पोचला, तिथून मारला, बोगीवर (ठरलेल्यापेक्षा एकच स्ट्रोक जास्त) सुटला आणि स्पर्धा जिंकला. पर्याय ठाऊक असणं म्हणजे हे.

दोन पर्यायांची खिचडी केली की काय होतं तेही बघा. २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत पंधराव्या होलवर टायगर वुड्सचा बॉल झेंड्याच्या काठीला लागून पाण्यात गेला. तो मागच्या जागेवरून परत मारायला गेला, पण ड्रॉप केला मुद्दाम दोन यार्ड मागे. मागच्या जागेवरून मारायचं तर तिथेच. मागे सरकायची मुभा रेषेच्या पर्यायात आहे, आणि ती रेषा वेगळीच होती. दोन स्ट्रोक. आमच्या कार्डांवर ही खिचडी नेहमीची आहे, फक्त टीव्हीवर दाखवत नाहीत.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १७४४ मध्ये एडिनबराजवळच्या लीथच्या खेळाडूंनी तेरा नियम लिहिले, त्यात पाण्यात किंवा पाणचट घाणीत गेलेल्या बॉलचाही एक होता: बॉल काढा, अडथळ्याच्या मागे आणा, टीवर ठेवून मारा आणि प्रतिस्पर्ध्याला एक स्ट्रोक द्या. टीची चैन गेली, एक स्ट्रोक अजून तोच आहे. पाणचट घाण तर आपल्याकडे जुलैत मुबलक.

लाल-पिवळी खुंटी आड येत असेल आणि सहज निघत असेल तर उपटून बाजूला ठेवता येते. हद्दीची पांढरी खुंटी मात्र उपटायची नाही आणि तिच्यापासून फुकट रिलीफही नाही.

बॉल हरवला किंवा हद्दीबाहेर गेला

शोधायला ३ मिनिटं. नंतर जिथे गेला तिथे ड्रॉप करायचा नाही. एक स्ट्रोक मोजून मागच्या जागेवर परत. टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारला होता तर परत टीवरून. 'गेला तिथे फेअरवेवर टाका, दोन स्ट्रोक धरा' हे तुम्ही ऐकलं असेल. तो स्थानिक नियम आहे, स्पर्धा चालवणाऱ्या समितीने लावला असेल तरच चालतो. कार्डाच्या मागे किंवा सूचनाफलकावर लिहिलेलं नसेल तर नाही. शंका असेल तेव्हा पुढे चालू पडण्याआधी प्रोव्हिजनल (पहिला सापडला नाही तर मोजायचा) बॉल मारा आणि तसं तोंडाने सांगून मारा.

इथे थांबा आणि समितीला बोलवा

वरचं सगळं तपासूनही दोघांचं एकमत नसेल तर आवाज चढवू नका, खाली दिलंय तसं करा.

स्ट्रोक प्लेमध्ये तुम्ही चौघांनी मिळून नियम ठरवू शकत नाही. मताधिक्याला तिथे किंमत नाही. दोन बॉल खेळा. पण शंका आल्याबरोबर, पुढचा स्ट्रोक मारण्याआधी, दोन बॉल खेळणार हे ठरवायचं आणि कोणता मोजावा हे मार्करला (तुमचा स्कोअर लिहिणाऱ्याला) सांगायचं. सांगितलं नाहीत तर आधी मारलेला बॉल तुमची निवड धरला जातो. आणि कार्ड देण्याआधी समितीला सगळं सांगायचं, दोन्ही बॉलवर स्कोअर सारखाच आला असला तरी. नाही सांगितलं तर बाद. सारखाच आला म्हणून सांगायचं सोडून देणं ही इथली नेहमीची चूक आहे. मॅच प्लेमध्ये दोन बॉलची सोय नाही. तिथे दोघांनी मिळून ठरवता येतं, नाहीतर समितीकडे निर्णय मागणार हे वेळेत सांगून ठेवायचं आणि खेळत राहायचं.

बॉल अजून मारला नसेल तर तुम्ही जवळजवळ कोणतीही चूक फुकटात सुधारू शकता: चुकीच्या जागी ड्रॉप झाला, उचला, नीट करा. मारून झाला आणि नंतर कळलं की जागा बरीच चुकली होती, इतकी की मोठा फायदा झाला, तर ती स्वतः सोडवायची गोष्ट नव्हे. पुढच्या होलच्या टीवरून मारण्याआधी चूक सुधारली नाही तर बाद होण्यापर्यंत प्रकरण जातं. शेवटचं होल असेल तर कार्ड देण्याआधी. तिथे अंदाज, अनुभव, 'मागच्या वर्षी असंच केलं होतं' काही उपयोगाचं नाही. फोन करा, माणूस पाठवा, थांबा.

दुरुस्तीच्या जागेच्या पांढऱ्या रेषा पावसाने धुऊन गेल्या असतील, नाल्याची कड कुठे संपते ते खुंट्यांवरून कळत नसेल, नवीन खणलेल्या चरात बॉल गेला असेल आणि चर कुणाच्या हिशेबात कसा मोडतो ते लिहिलेलं नसेल, तर तेही समितीचंच काम. खेळाडूने तिथे रेषा आखू नये. आणि ज्या शंकेसाठी समिती लागत नाही त्यासाठी आर अँड ए या नियम करणाऱ्या संस्थेचं नियमांचं अॅप फोनवर फुकट मिळतं. राउंडच्या आधी उतरवून ठेवा, मैदानाच्या नाल्याकडच्या टोकाला नेटवर्क मिळेलच असं नाही.